तेरा फुटी काठी आणि दाण्याएवढे छरे: इंग्रजी गळसंचाची पुण्याच्या पाण्यावरील वर्षभराची परीक्षा

गेल्या वर्षी दिवाळीला नॉटिंगहॅमहून पुण्यात आलेल्या माझ्या भाच्याने माझ्यासाठी तिकडच्या पद्धतीच्या गळाचा एक पूर्ण संच आणला. त्यात तीन तुकड्यांची तेरा फुटी काठी, एक स्पिनिंग रीळ, बारीक तंगुसाच्या दोन गुंडाळ्या, पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारे वीसेक फ्लोट, तंगुसाला वजन म्हणून लावायच्या, शिसे नसलेल्या छऱ्यांच्या दोन गोल डब्या, कानाशिवायचे बारीक गळ, तळाला चारा पोचवणारे दोन पिंजरे आणि माशाच्या तोंडातून गळ सोडवायची एक काडी होती. त्याचे पैसे मी त्याला आग्रहाने दिले. एकूण साडेएकोणीस हजार रुपये झाले आणि त्यातले चौदा हजार एकट्या काठीचे व रिळाचे होते. त्यानंतर वर्षभर, पावसाळ्याचे तीन महिने वगळून, मी हा संच पवना, मुळा, भीमा आणि मुठेचा उजवा कालवा अशा चार ठिकाणी वापरला. कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, कारण मला जोखायचे आहे ते त्या पद्धतीचे सामान, आणि ते आपल्या पाण्यावर कितपत उपयोगी पडते हे.

ही पद्धत कोणत्या माशांसाठी घडली हे आधी सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील मासे दोन गटांत मोडतात. सामन आणि ट्राउट हे मानाचे मासे एका गटात, आणि रोच, ब्रीम, चब, पर्च, टेंच, बार्बेल, कार्प असे बाकीचे सगळे दुसऱ्या गटात. या दुसऱ्या गटाला तिकडे ‘कोर्स’ मासे म्हणतात. ते बहुतेक कोणी खात नाही. पकडायचे, पाहायचे आणि जिवंत परत सोडायचे, असा रिवाज आहे. त्यामुळे तेथील सामान घरी नेण्याजोगा मासा खेचून काढण्यासाठी बनलेलेच नाही. आमिषाला नुसते ओठ लावून पाहणाऱ्या संशयी माशाची हालचाल डोळ्यांना दिसावी, यासाठी ते बनलेले आहे. आपल्याकडे जाड दोरी, मोठा गळ, शिशाचा भलामोठा तुकडा आणि काठी हातात धरून धक्क्याची वाट पाहणे अशी रीत असल्याने हे सामान प्रथमदर्शनी खेळण्यासारखे वाटते. मात्र पाण्यातले नाते तितके दूरचे नाही. तिकडचा बार्बेल आणि आपला महाशीर एकाच कुळातले आहेत, आणि १८३९ साली कर्नल साइक्स यांनी मुळा-मुठेतील महाशीराचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याला बार्बेलच्याच प्रजातीत (genus) घालून ‘खुद्री’ हे नाव दिले होते. पुण्याच्या पाण्यातला हा मासा आजही शास्त्रात त्याच नावाने ओळखला जातो, फक्त प्रजाती बदलली आहे.

काठीविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. ती वजनाने हलकी आहे, शेंड्याकडे अतिशय लवचिक आहे आणि पावशेराची चिलापीसुद्धा तिच्यावर रुबाबात येते, हे सर्व मान्य. लांबीला कारणही आहे: फ्लोट आणि काठीचा शेंडा यांच्यामधला तंगूस पाण्यावरून उचलून धरता यावा आणि प्रवाहात वाहणारा फ्लोट लांबूनही ताब्यात राहावा, यासाठी तेरा फूट लागतात. परंतु इंग्लंडमधील नदीकाठ कापलेल्या गवताचा असतो आणि आपला करंज, जांभूळ व बाभळीचा. बेबडओहळजवळ पवनेच्या काठी मी पहिल्या सकाळी जितके मासे काढले त्याहून अधिक वेळा तंगूस फांदीतून सोडवला. शिवाय साडेचार फुटांची नळी पाठीला बांधून स्कूटरवरून चांदणी चौक ओलांडणे ही एक स्वतंत्र कसरत आहे. पाचव्या महिन्यात तंगूस ज्यांतून ओवतात त्या कड्यांपैकी शेंड्याकडून दुसऱ्या कडीतले चिनी मातीचे अस्तर निखळले आणि धातूच्या उघड्या कडेने तंगूस कापला जाऊ लागला. विक्रेत्याने काठी परत पाठवायला सांगितली, पण नॉटिंगहॅमपर्यंतचा टपालखर्च ऐकून मी कडी येथेच बदलून घेतली. चौदा हजारांत ही अपेक्षा नव्हती.

फ्लोट मात्र मनात भरले. संचात त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला ‘वॅगलर’. त्याला तंगूस फक्त खालच्या टोकाला जोडतात, आणि टाकल्यानंतर काठीचा शेंडा पाण्यात बुडवून दोन वेढे गुंडाळले की सगळा तंगूस पाण्याखाली जातो. मग वारा कितीही सुटला तरी तो तंगुसाला धरून फ्लोट ओढू शकत नाही. पवना धरणाच्या फुगवट्याच्या काठी दुपारी अकरानंतर जो वारा उठतो, त्यात आपला नेहमीचा थर्माकोलचा गोळा किंवा ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा पाच मिनिटांत काठाला येऊन लागतो. वॅगलर टाकला तेथेच उभा राहिला. दुसरा प्रकार ‘स्टिक’. हा बारीक रबरी नळ्यांनी वर आणि खाली असा दोन्हीकडे तंगुसाला बसवतात आणि तो वाहत्या पाण्यासाठी असतो. फ्लोटांचे शेंडे नारिंगी, पिवळे आणि काळे आहेत. काळा कशाला, असे मला वाटले होते. पण संध्याकाळी मावळतीचे ऊन पाण्यावर पडून पाणी चांदीसारखे चमकते तेव्हा नारिंगी शेंडा नाहीसा होतो आणि काळाच तेवढा स्पष्ट दिसतो.

यात एक गंमत आहे. वॅगलर पूर्वापार मोराच्या पिसाच्या देठाचे करीत आले आहेत, आणि फ्लोटासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हलक्या बोरूला तिकडचे कारागीर ‘सरकंडा’ याच आपल्याकडच्या नावाने ओळखतात. माझे आजोबाही मोरपिसाचा देठ बोटभर कापून गळाला बांधत असत. फरक एवढाच, की ते देठाला दोन टोके असतात इतकेच पाहत आणि इंग्रजांनी त्या देठाने नेमके किती वजन पेलायचे हे ग्रॅमच्या दशांशापर्यंत ठरवून त्याच्या अंगावर लिहून ठेवले.

त्या दशांशाला अर्थ येतो तो छऱ्यांमुळे, आणि या संपूर्ण संचातली खरी मोलाची वस्तू म्हणजे ही डबी. प्रत्येक छरा अर्धवट चिरलेला असतो. चिरेत तंगूस घालून नखाने दाबला की बसतो आणि नख घालून उघडला की निघतो. एस.एस.जी. हा सर्वांत मोठा, त्याच्या निम्मा ए.ए.ए. म्हणजे ०.८ ग्रॅम, त्याच्या निम्मा बी.बी. म्हणजे ०.४ ग्रॅम, चार क्रमांकाचा ०.२, सहाचा ०.१ आणि आठ क्रमांकाचा ०.०६ ग्रॅम. एवढासा आठ क्रमांकाचा छरा हातातून पडला तर शोधू नये, मोहरी सांडली असे समजावे. हे वजनांचे कोष्टक एकदा पाठ झाले की फ्लोटावर ‘३ बी.बी.’ लिहिलेले असताना दोन मोठे छरे फ्लोटाच्या दोन्ही बाजूंना दाबून त्याला जागेवर अडकवायचे आणि उरलेले वजन लहान छऱ्यांत मोडून खाली पसरायचे, हा हिशेब आपोआप होऊ लागतो. अखेरीस पाण्यावर शेंड्याचा गव्हाच्या दाण्याएवढाच भाग उरला पाहिजे. तेवढाच उरला तर माशाला फ्लोट बुडवताना ओझे जाणवत नाही, आणि आपल्याला त्याचे नुसते चाटणेही दिसते.

खालचे छरे कोठे लावायचे यावर सगळी कला अवलंबून आहे. ते समान अंतरावर पसरले, आणि तिकडे या मांडणीला ‘शर्टाच्या गुंड्या’ असेच म्हणतात, तर आमिष हळूहळू तरंगत खाली जाते आणि पाण्याच्या मधल्या थरात चरणारा रोहू ते वाटेतच घेतो. तेच छरे गळापासून दीड वीत अंतरावर एकत्र दाबले तर आमिष वरच्या किरकोळ माशांच्या हाती न लागता थेट खाली उतरते. आपल्याकडे चिलापीची पिल्ले आमिष तळाला जाऊच देत नाहीत, ही प्रत्येक गळकऱ्याची तक्रार आहे. तिच्यावर एवढा स्वस्त उपाय मला आजवर कोणी सांगितला नव्हता.

तिसऱ्या मांडणीने मात्र माझा चाळीस वर्षांचा समज मोडला. गळापासून चार बोटांवर एक चार क्रमांकाचा छरा तळाला टेकवून ठेवायचा आणि त्याचे वजन फ्लोटाच्या हिशेबात धरायचे. तळावर चरणाऱ्या माशाने आमिष उचलले की तो छराही उचलला जातो, फ्लोटावरचे ओझे कमी होते आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येतो. बेबडओहळला माझ्या शेजारी रोज म्हशी पाण्यावर आणणारे एक आजोबा बसत. फ्लोट बोटभर वर उठून आडवा झालेला पाहून मी काठी मारणार, म्हणजे गळ रुतवायला झटका देणार, तोच ते म्हणाले, “अहो साहेब, बुडल्याशिवाय मारू नका. वर आला म्हणजे मासा सोडून गेला.” मीही लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो, म्हणून थांबलो, आणि आमिष गेले. दुसऱ्यांदा थांबलो नाही. सव्वा किलोचा मृगळ निघाला. मृगळ हा तळाचा चिखल चाळून खाणारा मासा. तो आमिष घेऊन पळत नाही, जागेवरच तोंड वर करतो. आजोबांनी मासा हातात घेऊन पाहिला आणि मग छरा पाहिला. “एवढ्याशा दाण्यानं कळतंय व्हय?” असे विचारून त्यांनी दोन छरे मागून घेतले. आता ते बांबूच्या काठीला तेच लावतात, आणि माझ्याहून जास्त मृगळ काढतात.

छऱ्यांत शिसे का नाही हेही समजून घेण्यासारखे आहे. तळाशी पडलेले शिशाचे छरे हंस खड्यांबरोबर गिळत आणि विषबाधेने मरत, म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या गळवजनांना बंदी आहे. आपल्याकडे हंस नसतील, पण कवडीपाटला आणि भिगवणला हळदी-कुंकू बदके व चक्रवाक त्याच तळाचा गाळ उपसत असतात. मी पेठेतल्या एका दुकानात शिसे नसलेले छरे मागितले तेव्हा दुकानदारांनी शिशाची पट्टी पुढे केली आणि कात्रीने हवे तेवढे कापून घ्या असे सुचवले. पट्टी तंगुसाला गुंडाळता येते हे खरे, पण ती जागेवर राहत नाही आणि ०.१ ग्रॅमचा तुकडा कात्रीने कापणारा सोनार मी नव्हे.

गळ आणि तंगूस यांनी निराशा केली. संचातला तंगूस तीन पौंड ताकदीचा, म्हणजे सुमारे १.४ किलोचा, आणि गळ १८ व २० क्रमांकाचे. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. हे गळ माशीच्या अळ्यांसाठी आहेत. तिकडे दुकानात त्या मापाने विकत मिळतात. येथे त्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी घराच्या फ्रिजमध्ये ठेवण्याची परवानगी मिळणार नाही. गांडूळ, कणकेची गोळी किंवा उकडलेल्या मक्याचा दाणा यांसाठी १० किंवा १२ क्रमांकाचा गळ हवा. कणीक मळताना तिच्यात कापसाचे थोडे तंतू मिसळले की गोळी गळावरून सुटत नाही, ही आपली जुनी युक्ती या बारीक सामानावरही तितकीच चालते. तंगुसाच्या बाबतीत मी दोन चांगले रोहू गमावून शहाणा झालो आणि सहा पौंडी तंगूस भरला. काठीवर छापलेली कमाल मर्यादाही तीच आहे. कानाशिवायच्या चपट्या डोक्याच्या गळांना गाठ मारण्यासाठी वेगळे साधन लागते आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्याचाही उपयोग होत नाही. येथे सर्वत्र मिळणारे कानाचे गळ घ्यावेत.

आता पाणी. संचातले निम्मे फ्लोट कालव्यासाठी म्हणून आले होते, काही तर ०.२ ग्रॅमचे. म्हणून मी मोठ्या उत्साहाने ते लोणी काळभोरच्या पुढे मुठेच्या उजव्या कालव्यावर नेले, आणि दोन्ही देशांत ‘कालवा’ या एकाच शब्दाने किती वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात हे कळले. इंग्लंडचे कालवे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मालवाहू नावांसाठी खोदले गेले. झडपांच्या मध्ये पाणी जवळजवळ उभे असते, काठालगत उथळ पायरी आणि मध्ये नावेची खोल वाट असते, आणि मासे वर्षभर त्याच जागी राहतात. आपला कालवा शेतीसाठी आहे. आवर्तन सुटले की पाणी असे धावते की ०.२ ग्रॅमचा फ्लोट दिसेनासा होतो, आणि आवर्तन संपले की उरतात ती डबकी, ज्यांत गावातली पोरे टोपलीनेच मासे काढतात. शिवाय अस्तर घातलेला उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो आणि त्यावरून घसरलेल्या माणसाला धरायला काही नसते. मी दोनदा गेलो, एकही मासा मिळाला नाही, आणि तिसऱ्यांदा जाणार नाही. कालव्याचे फ्लोट घरी फिशटँकपाशी पडून आहेत.

पवना मात्र या सामानासाठीच वाहते असे वाटावे. पिंपरी-चिंचवडचे पाणी धरणातून नदीपात्रात सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, म्हणून मावळातल्या या पट्ट्यात उन्हाळ्यातही नदी माणसाच्या चालीने वाहत राहते. येथे स्टिक फ्लोट लावून तो प्रवाहासोबत सोडायचा, मध्येच बोटाने रीळ अडवून क्षणभर रोखायचा आणि पुन्हा सोडायचा. रोखताच फ्लोट थांबतो, पण खालचे आमिष पाण्याबरोबर पुढे झेपावून तळापासून उचलले जाते. बहुतेक वेळा मासा त्याच क्षणी घेतो. भाचा ज्या ट्रेंट नदीकाठी राहतो तेथे ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि तेरा फुटी काठी कशासाठी हे मला फक्त येथेच पटले. एका फेब्रुवारीच्या सकाळी दोन तासांत नऊ चिलाप्या आणि दोन लहान रोहू मिळाले. खोली आधी मोजून घ्यावी, हे मात्र विसरू नये; गळाला वजन टोचून फ्लोट बुडतो की उभा राहतो हे पाहिले की तळ कळतो. आपल्यातले बहुतेक जण ही दहा मिनिटे वाचवतात आणि मग दिवसभर तळापासून दोन हात वर आमिष फिरवत बसतात.

रांजणगाव सांडसच्या खाली, मुळा-मुठा मिळाल्यानंतरच्या भीमेवर, चाऱ्याचे पिंजरे वापरून पाहिले. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा भरून पिंजरा टाकला की गळाजवळच चारा विरघळतो. पेंडीच्या गोळ्याभोवती चार-पाच गळ खोचून टाकण्याच्या आपल्या रीतीचेच हे नेटके रूप आहे, त्याहून अधिक काही नाही. एक शिंगाळा मिळाला. तेथील पाण्याला शहराचा वास असल्याने तो परत सोडला. शहराखालच्या पाण्यातला मासा मी खात नाही आणि कोणी खावा असे सुचवणार नाही.

संचासोबतच्या पुस्तिकेत नदीवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकू नये असा तिकडचा नियम छापला आहे, कारण तेव्हा तेथील मासे अंडी घालतात. आपले रोहू, कटला, मृगळ पावसाच्या लोंढ्यावर अंडी घालतात, त्यामुळे येथे थांबायचे ते जून ते ऑगस्ट. पुस्तिकेचे महिने पाळून बसलेला माणूस नेमक्या नको त्या दिवसांत नदीवर पोचेल. तिकडे तेरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला काठीचा परवाना लागतो. आपल्याकडे जलाशयांचे मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छिमार सहकारी संस्थांना दिलेले असतात, म्हणून धरणाच्या पाण्यावर बसण्यापूर्वी गावात जाऊन संस्थेच्या माणसाला विचारावे. देहूच्या डोहात, विचारूनही, गळ टाकू नये.

घ्यायचे काय, असे मला गेल्या महिन्यात तिघांनी विचारले. तिघांनाही मी काठी घेऊ नका असे सांगितले. पुण्यात दीड-दोन हजारांत मिळणारी दहा-बारा फुटी दुर्बिणीसारखी मिटणारी काठी स्कूटरवर मावते आणि चिलापीला पुरते. त्याऐवजी परदेशातून येणाऱ्या कोणाकडून सहा वॅगलर, चार स्टिक आणि छऱ्यांच्या दोन डब्या मागवाव्यात. माझ्या हिशेबात हे सगळे मिळून अठराशे रुपयांचे होते. तेरा फुटी काठी केवळ पवनेच्या वाहत्या पट्ट्यावर नियमित जाणाऱ्याने घ्यावी, आणि घेतलीच तर शेंड्याकडच्या कड्या कापसाचा बोळा फिरवून अधूनमधून तपासाव्यात. भाचा येत्या मे महिन्यात पुन्हा येतो आहे. त्याला मी चार क्रमांकाच्या छऱ्यांच्या पाच डब्या आणायला सांगितल्या आहेत. त्यांपैकी दोन बेबडओहळच्या आजोबांच्या आहेत आणि त्यांनी पैसे आधीच देऊन ठेवले आहेत.